फ्लॅशची सेटिंग : चेहरा पांढराफटक आणि मागे मिट्ट काळोख, असे का होते?

सांजसावली :

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षे मी एक साधा डीएसएलआर कॅमेरा वापरत आहे आणि दिवसाउजेडी काढलेली छायाचित्रे मला बऱ्यापैकी जमतात. परंतु संध्याकाळी घरात, पिवळसर दिव्यांच्या उजेडात, कॅमेऱ्यावरचाच फ्लॅश उघडून काढलेले प्रत्येक छायाचित्र ठरावीक पद्धतीने बिघडते. समोरच्या माणसाचा चेहरा पीठ फासल्यासारखा पांढरा येतो, नाक आणि कपाळ चकाकते, आणि मागची खोली, जी डोळ्यांना छान उजळलेली दिसत असते, ती छायाचित्रात जणू अस्तित्वातच नसते. माणूस एखाद्या गुहेत उभा राहिल्यासारखा वाटतो.

माझे आकडे असे आहेत : मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्सचे छिद्र; आकडा लहान तितके छिद्र मोठे) एफ/५.६ आणि शटर १/२०० सेकंद. फ्लॅश लावला की शटर १/२०० ठेवायचे असे कुठेतरी वाचले होते, म्हणून तेच धरून बसले आहे. मेनूमध्ये फिल, रेड-आय, स्लो सिंक, रिअर कर्टन असे बरेच पर्याय दिसतात. ते सगळे आळीपाळीने वापरून पाहिले, पण काय केल्याने काय बदलते हे काही उमगले नाही. माणूस साधारण अडीच मीटरवर असतो. कोणी मुळापासून समजावून सांगेल का?

कृष्णधवल :

सांजसावली, आपण आकडे दिलेत हे फार बरे केले, कारण दोष त्या आकड्यांतच दिसतो आहे. फ्लॅश वापरताना आपण एका चौकटीत दोन छायाचित्रे घेत असतो, एवढी गोष्ट एकदा मनात ठसली की मेनूमधले सगळे पर्याय आपोआप अर्थपूर्ण होतात. पहिले छायाचित्र खोलीतल्या दिव्यांच्या उजेडाचे असते आणि दुसरे फ्लॅशच्या उजेडाचे. दोन्ही एकाच सेन्सरवर एकमेकांत मिसळतात, पण दोघांची नियंत्रणे पूर्णपणे सारखी नसतात.

ॲपर्चर आणि आयएसओ यांचा परिणाम दोन्ही उजेडांवर होतो. शटरचे मात्र तसे नाही. फ्लॅशचा झोत पूर्ण ताकदीला साधारण १/१००० सेकंदाच्या आसपास आणि कमी ताकदीला १/२०,००० सेकंदापर्यंत आखूड असतो. शटर १/२०० उघडे राहो की १/३०, तो झोत त्या अवधीत येऊन कधीच निघून गेलेला असतो. खोलीतला दिवा मात्र शटर उघडे असेपर्यंत सेन्सरवर उजेड ओततच राहतो. म्हणून शटर हा खोलीच्या उजेडाचा नळ आहे आणि फ्लॅशची ताकद हा चेहऱ्यावरच्या उजेडाचा नळ आहे.

आपण १/२०० आणि आयएसओ १०० वर पहिला नळ जवळजवळ बंदच करून ठेवला आहे. आता शटर १/३० आणि आयएसओ ८०० करून पाहा, ॲपर्चर आहे तेच राहू द्या. आयएसओमुळे आठपट आणि शटरमुळे साडेसहापटींहून अधिक, असा खोलीचा उजेड सुमारे ५३ पटींनी वाढेल. फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे लेन्समधून उजेड मोजून ताकद आपणच ठरवणाऱ्या पद्धतीवर, असेल तर तो आपली ताकद स्वतःहून कमी करील आणि चेहरा तेवढाच उजळेल. त्यानंतर फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे विजेचे चिन्ह आणि शेजारी अधिक-उणे असे जे बटण असते ते, उणे १ वर न्या. त्याने चेहऱ्याचे पीठ बरेचसे उतरेल.

काजवा :

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते काहींना रुचणार नाही. अलीकडच्या सेन्सरवर आयएसओ ३२०० सहज चालते, तेव्हा कॅमेऱ्यावरचा तो इवलासा फ्लॅश बंदच ठेवावा. एफ/१.८ ची एखादी लेन्स लावली तर एफ/५.६ च्या तुलनेत सव्वातीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे जवळपास दहापट उजेड मिळतो. घरातल्या उजेडाचा जो उबदारपणा डोळ्यांना दिसतो तो फ्लॅशने मारला जातो, आणि मग तोच परत आणण्यासाठी ही सगळी यातायात करावी लागते. रोग आपणच निर्माण करायचा आणि औषधही आपणच शोधायचे, असा तो प्रकार आहे.

उघडझाप :

काजवा यांचे म्हणणे अर्धे मान्य आहे. उजेड कमी आहे एवढीच अडचण असेल तर उघड्या ॲपर्चरची लेन्स आणि जास्त आयएसओ हा खरोखरच उत्तम मार्ग होय. परंतु उजेड चुकीच्या दिशेने येत असेल, तर आयएसओ कितीही वाढवला तरी तो चुकीच्या दिशेनेच येत राहतो. डोक्यावरच्या एकाच दिव्याखाली उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, नाकाची सावली ओठावर पडते आणि कपाळ तेवढे उजळते. आयएसओ वाढवले की ती सावली अधिक स्पष्ट दिसते, इतकेच. शिवाय काही एलईडी दिवे इतक्या वेगाने लुकलुकतात की वेगवान शटरला छायाचित्रात आडवे पट्टे उमटतात. अशा वेळी समोरून हलकासा फ्लॅश भरणे हे औषध आहे, रोग नव्हे.

ता. क. : मुलांच्या धावपळीची छायाचित्रे एफ/१.८ वर घ्यायची तर फोकसची पट्टी इतकी बारीक होते की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो. प्रत्येक उपायाला त्याची किंमत असतेच.

मिणमिणता :

शटर आणखी वेगवान केले, तर चेहऱ्यावरचा फ्लॅश कमी होणार नाही का? मी तरी चेहरा जास्त पांढरा दिसला की शटर वाढवतो आणि मला फरक पडल्यासारखा वाटतो.

कृष्णधवल :

मिणमिणता, तो फरक फ्लॅशमध्ये पडत नसून खोलीच्या उजेडात पडतो. चेहऱ्यावर खोलीचाही थोडा उजेड असतो, तो कमी झाल्यामुळे चेहरा किंचित उतरतो आणि मागची खोली मात्र कितीतरी अधिक काळी होते. खात्री करायची असेल तर खोलीत पूर्ण अंधार करा, फ्लॅशची ताकद मॅन्युअलवर १/१६ अशी बांधून ठेवा आणि एकच वस्तू १/६०, १/१२५ आणि १/२०० वर टिपा. तिन्ही छायाचित्रे सारखीच उजळ येतील. फ्लॅश मॅन्युअलवर ठेवणे येथे महत्त्वाचे आहे, नाहीतर टीटीएल दर वेळी स्वतःच्या मनाने ताकद बदलेल आणि प्रयोगाचा बट्ट्याबोळ होईल.

अर्धवट :

या निमित्ताने माझाही एक प्रश्न मांडतो. मित्राकडून एक जुजबी, केवळ मॅन्युअल चालणारा फ्लॅश आणला आहे. शटर १/५०० ठेवून छायाचित्र काढले तर चौकटीचा खालचा अर्ध्याहून अधिक भाग पूर्ण काळा येतो. फ्लॅश बिघडला आहे असे समजायचे का?

उघडझाप :

फ्लॅश ठणठणीत आहे. आपल्या कॅमेऱ्यातल्या यांत्रिक शटरला दोन पडदे असतात. पहिला सरकून सेन्सर उघडा करतो आणि दुसरा त्याच्या मागोमाग सरकून तो झाकतो. शटर सावकाश असेल तर पहिला पडदा पूर्ण पलीकडे पोहोचल्यानंतरच दुसरा निघतो, त्यामुळे मध्ये एक क्षण असा येतो की संपूर्ण सेन्सर उघडा असतो. फ्लॅश नेमका त्या क्षणी उडतो. शटर एका मर्यादेपेक्षा वेगवान केले की पहिला पडदा पोहोचण्याआधीच दुसऱ्याला निघावे लागते आणि दोघांमध्ये केवळ एक फट राहते. ती फट सेन्सरवरून सरकत जाते. फ्लॅशचा क्षणिक झोत त्या वेळी फटीतून जेवढे दिसते तेवढेच उजळतो आणि उरलेला भाग काळा राहतो. ही मर्यादा म्हणजेच सिंक स्पीड, आणि बहुतेक कॅमेऱ्यांत ती १/२०० किंवा १/२५० असते. सांजसावली यांनी वाचलेला १/२०० हा आकडा तिथून आलेला आहे. तो जास्तीत जास्त किती वेगवान जाता येईल याचा आकडा आहे; तिथेच राहायला हवे असा त्याचा अर्थ नव्हे.

कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश उघडा असताना कॅमेरा या मर्यादेपलीकडे जाऊच देत नाही. आपला जुजबी फ्लॅश कॅमेऱ्याशी बोलत नाही, म्हणून त्याने अडवले नाही.

ज्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक शटर आहे त्यांनीही हे लक्षात ठेवावे. तिथे पडदा नसला तरी सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि ते वाचन यांत्रिक पडद्यापेक्षा बहुधा बरेच सावकाश असते. म्हणून बहुतेक कॅमेरे सायलेंट मोडमध्ये फ्लॅश सरळ बंद करून टाकतात. याला अपवाद ग्लोबल शटरचा. सोनीच्या २०२३ साली जाहीर झालेल्या ए९ थ्री या कॅमेऱ्यात संपूर्ण सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, त्यामुळे तो १/८०,००० सेकंदापर्यंत फ्लॅशशी जुळवून घेतो. आपल्यासारख्यांना तूर्त १/२०० शीच संसार करायचा आहे.

सांजसावली :

कृष्णधवल यांनी सांगितलेले आकडे काल संध्याकाळी वापरून पाहिले आणि मागची खोली चक्क दिसू लागली! पुस्तकांचे कपाट, पडदा, दिव्याखालचा उजेडाचा गोल, सगळे आले. चेहराही पुष्कळ सुधारला. मात्र दोन नव्या तक्रारी उद्भवल्या आहेत. चेहरा निळसर-पांढरा आणि खोली नारिंगी, असे दोन वेगवेगळ्या ठिकाणचे तुकडे जोडल्यासारखे दिसते. दुसरे असे की, माणूस जरा हलला की त्याच्या कडेने एक धूसर भुताटकीसारखी रेघ उमटते. शिवाय चौकटीच्या तळाशी मधोमध एक अर्धगोल काळी सावली दिसते, ती तर आधीही होती.

कृष्णधवल :

शेवटापासून सुरुवात करतो. लेन्सवर हूड लावलेला असेल तर तो काढून ठेवा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लेन्सच्या जेमतेम वर असतो आणि हूडची किंवा लांब लेन्सची सावली खाली पडते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो अक्षरशः हाच.

धूसर रेघ खोलीच्या उजेडातून येते. फ्लॅशने माणूस गोठवला, पण शटर १/३० उघडे असल्याने त्यानंतरची त्याची हालचालही खोलीच्या उजेडात नोंदली गेली. यावर उपाय असा की खोलीचे छायाचित्र मुद्दाम एक ते दोन स्टॉप कमी उजळ ठेवायचे; म्हणजे १/३० ऐवजी १/६० किंवा १/१०० वर जायचे. मग ती रेघ इतकी फिकी होते की नजरेत भरत नाही, आणि खोली मात्र अजूनही ओळखू येते. खोली डोळ्यांना दिसते तितकीच उजळ आली पाहिजे असा हट्ट धरू नये. जराशी मंद पार्श्वभूमी उलट माणसाला पुढे आणते.

आता रंगाकडे वळू. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्व्हिनचा, म्हणजे दुपारच्या उन्हासारखा असतो. घरातल्या पिवळ्या दिव्यांचा २७०० ते ३००० केल्व्हिनच्या आसपास असतो. कॅमेऱ्याला व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणत्या उजेडाला पांढरे मानायचे ते, एकच ठेवता येतो, म्हणून तो एकाला न्याय देताना दुसऱ्यावर अन्याय करतो. संगणकावर नंतर दुरुस्ती करायला गेलात तर चेहरा सुधारताना खोली बिघडते. खरा उपाय म्हणजे फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जेल (पारदर्शक रंगीत कागद), ज्याला सीटीओ म्हणतात, लावून त्याचाच रंग दिव्यांसारखा करून टाकणे आणि व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर नेणे. मग चेहरा आणि खोली एकाच घरातली वाटतात. जेल थोडा उजेड खाते, पण आयएसओ ८०० वर फ्लॅशला तेवढी ताकद सहज पुरते. ट्यूबलाइटच्या खोलीत नारिंगीऐवजी हिरवट जेल लागते.

काजवा :

पाहा, म्हणजे फ्लॅश दिसू नये यासाठी फ्लॅशवर रंगीत कागद लावायचा! माझा मुद्दा मी मागे घेत नाही. पण प्रयोग करून पाहीन म्हणतो.

तिपाई :

मेनूतल्या पर्यायांविषयीचा मूळ प्रश्न तसाच राहिला आहे, म्हणून थोडी भर घालतो. मात्र सगळ्यांचे वर्णन एकसारखे करण्यात अर्थ नाही, कारण त्यांतले निम्मे कॅमेऱ्याच्या ऑटो मोडपुरतेच असतात.

फिल फ्लॅश म्हणजे उजेड असो वा नसो, फ्लॅश उडणारच. मॅन्युअल किंवा ॲपर्चर प्रायोरिटीमध्ये (ॲपर्चर आपण ठरवायचे, शटर कॅमेरा ठरवतो) आपण फ्लॅश उघडला की तो मुळात असाच वागतो. या मोडमध्ये तो आपणहून उघडत नाही, बटण दाबावे लागते. त्यामुळे 'माझा फ्लॅश बिघडला' अशा तक्रारींतल्या निम्म्या तिथेच मिटतात.

रेड-आय रिडक्शन माझ्या मते बंद ठेवावे. मंद उजेडात बाहुल्या विस्फारलेल्या असतात आणि फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असल्यामुळे त्याचा उजेड डोळ्याच्या मागच्या रक्ताळलेल्या पडद्यावरून सरळ लेन्सकडे परततो. डोळे लाल दिसतात ते त्यामुळे. हा पर्याय आधी एक दिवा लावून बाहुल्या आकुंचित करू पाहतो, पण त्यात सुमारे सेकंदभर जातो आणि तेवढ्यात हसू मावळते. खोलीचे दिवे वाढवले, किंवा फ्लॅश लेन्सपासून दूर नेला, तर मूळ कारणच नाहीसे होते.

स्लो सिंक समजून घेण्यासारखे आहे. निकॉनमध्ये प्रोग्रॅम आणि ॲपर्चर प्रायोरिटी मोडला फ्लॅशबरोबर शटर सहसा १/६० पेक्षा सावकाश होत नाही, जेणेकरून हात हलल्याचे दिसू नये. स्लो सिंक निवडले की ती खालची मर्यादा उठते आणि कॅमेरा खोलीच्या उजेडाप्रमाणे शटर सावकाश करतो. कॅननच्या अनेक डीएसएलआरमध्ये ॲपर्चर प्रायोरिटी मोड मुळातच तसा वागतो, आणि तो तसा वागू नये यासाठी मेनूत वेगळा पर्याय दिलेला असतो. म्हणूनच एकाचा सल्ला दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर उलटा लागू पडतो आणि वादाला तोंड फुटते. मॅन्युअल मोडमध्ये मात्र शटर आपणच ठरवत असल्याने स्लो सिंक हा शब्दच निरर्थक ठरतो. सांजसावली यांनी १/३० ठेवले तेव्हा त्यांनी तेच हाताने केले.

रिअर कर्टनमध्ये फ्लॅश शटर उघडताच न उडता ते बंद होण्याच्या जरा आधी उडतो. धावणाऱ्या मुलाच्या किंवा सायकलच्या उजेडाच्या रेघा त्यामुळे मागे ओढल्यासारख्या येतात. नेहमीच्या पद्धतीत त्या पुढे येतात आणि सायकल उलटी चालल्याचा भास होतो. १/१५ किंवा त्याहून सावकाश शटरलाच याचा फरक जाणवतो. १/२०० वर हा पर्याय लावून काहीही दिसणार नाही. एक सावधगिरी अशी की टीटीएलचा मोजणीचा झोत तरीही सुरुवातीलाच उडतो. समोरच्याला वाटते की छायाचित्र झाले, आणि तो चालू लागतो.

सांजसावली :

मोजणीचा झोत म्हणजे काय? आमच्या घरातल्या एका व्यक्तीचे डोळे फ्लॅशच्या प्रत्येक छायाचित्रात हमखास मिटलेले असतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

कृष्णधवल :

संबंध अगदी थेट आहे. टीटीएल पद्धतीत कॅमेरा खऱ्या छायाचित्राच्या क्षणभर आधी एक दुबळा झोत सोडतो, तो वस्तूवरून किती परतला हे लेन्समधून मोजतो आणि त्यावरून मुख्य झोताची ताकद ठरवतो. दोन्हींमधले अंतर इतके कमी असते की आपल्याला एकच लखलखाट वाटतो; परंतु काहींच्या पापण्या इतक्या चपळ असतात की पहिल्या झोताला मिटू लागतात आणि दुसऱ्याला पुरत्या मिटलेल्या असतात. यावर फ्लॅश एक्स्पोजर लॉक वापरावे. कॅननमध्ये त्याला एफई लॉक आणि निकॉनमध्ये एफव्ही लॉक म्हणतात. ते बटण दाबले की मोजणीचा झोत तेव्हाच उडतो आणि ताकद बांधली जाते. दोन-तीन सेकंद थांबून, डोळे नीट उघडल्यावर शटर दाबले की केवळ मुख्य झोत उडतो. फ्लॅश मॅन्युअलवर ठेवला तरी मोजणीची गरजच उरत नाही.

याच मोजणीमुळे चेहरे पांढरे पडतात हेही सांगून ठेवतो. चौकटीत माणूस लहान असेल आणि मागे दूरवर अंधार असेल, तर परतणारा उजेड एकूण कमी भरतो आणि कॅमेऱ्याला वाटते की फ्लॅश अपुरा आहे. काळ्या कपड्यांमुळेही तसेच होते. पांढऱ्या कपड्यांत किंवा मागे आरसा असताना नेमके उलट, म्हणजे चेहरा काळवंडतो. म्हणून उणे १ हे काही ब्रह्मवाक्य नाही, पांढऱ्या शर्टाला कदाचित अधिक १ लागेल.

आणखी एक फसवी जागा आहे. साधे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन आणि फ्लॅश एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन ही दोन वेगळी बटणे आहेत. कॅननमध्ये पहिले खोलीच्या उजेडावर आणि दुसरे फ्लॅशवर चालते. निकॉनच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये मात्र पहिले बटण दोन्हींवर चालते, आणि ते केवळ पार्श्वभूमीपुरते मर्यादित करण्याची सोय काही मॉडेलांच्या मेनूत असते.

अर्धवट :

भर दुपारी उन्हात तोंडावरच्या सावल्या घालवण्यासाठी फ्लॅश वापरावा असे सांगतात. मी तीन मीटरवरून वापरला, पण उडाला की नाही हेच कळले नाही, इतका त्याचा परिणाम शून्य होता.

उघडझाप :

येथे गाइड नंबर उपयोगी पडतो. गाइड नंबर म्हणजे अंतर गुणिले ॲपर्चरचा आकडा, सहसा आयएसओ १०० साठी सांगितलेला. अनेक डीएसएलआरच्या अंगभूत फ्लॅशचा तो मीटरमध्ये १२ च्या आसपास असतो. म्हणजे एफ/४ ला तो तीन मीटरपर्यंत पुरतो, एफ/५.६ ला २.१ मीटरपर्यंत. आता कडक उन्हात आयएसओ १०० आणि शटर १/२०० ठेवले तर ॲपर्चर एफ/११ च्या आसपास घ्यावे लागते. १२ भागिले ११ केले की जेमतेम १.१ मीटर! तीन मीटरवर त्या बिचाऱ्याचा उजेड पोहोचतो, पण उन्हापुढे त्याचा पाड लागत नाही.

सुदैवाने सावली भरायला उन्हाइतका उजेड लागत नाही. फ्लॅश उन्हापेक्षा दोन स्टॉप कमी असला तरी डोळ्यांखालचा काळेपणा निवळतो, आणि दोन स्टॉप कमी म्हणजे अंतर दुप्पट, म्हणजे २.२ मीटर. तेव्हा जवळ जा, हाच उपाय.

मिणमिणता :

आणि पार्श्वभूमी धूसर हवी म्हणून उन्हात एफ/२.८ ठेवायचे असेल तर?

उघडझाप :

एफ/११ पासून एफ/२.८ पर्यंत चार स्टॉप होतात, म्हणजे शटर १/३२०० लागेल आणि ते सिंक स्पीडच्या फार पलीकडे आहे. त्यासाठी हाय स्पीड सिंक असते. निकॉन त्याला ऑटो एफपी म्हणते. त्यात फ्लॅश एकच मोठा झोत न सोडता, पडद्यांची फट सेन्सरवरून सरकत असेपर्यंत अतिवेगाने लुकलुकत राहतो, जणू तो अखंड पेटलेला दिवा असावा. पण त्यातला बराचसा उजेड बंद पडद्यावर आदळून वाया जातो, त्यामुळे ताकद साधारण दोन स्टॉप किंवा त्याहून अधिक घटते. शिवाय फ्लॅश अखंड दिव्यासारखा झाल्यामुळे, वर ठरवलेला 'शटरचा फ्लॅशवर परिणाम नाही' हा नियम येथे मोडतो. शटर दुप्पट वेगवान केले की फ्लॅशही निम्मा होतो. म्हणून ॲपर्चर उघडून जे कमावले ते शटर गमावते आणि सुरुवातीची तूट तशीच राहते.

दुसरा मार्ग म्हणजे लेन्सवर चार स्टॉपचा एनडी फिल्टर लावून १/२०० वरच राहायचे. फिल्टर ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कमी करतो, त्यामुळे दोघांचे प्रमाण एफ/११ ला होते तेच राहते आणि हाय स्पीड सिंकमधली तूट टळते. फक्त व्ह्यूफाइंडर अंधारतो.

सुईदोरा :

बऱ्याच दिवसांपासून नुसती वाचते आहे, आज प्रश्न विचारते. वीस-पंचवीस जणांचे तीन रांगांतले छायाचित्र फ्लॅशने काढले की पुढची रांग भाजल्यासारखी पांढरी आणि मागची अंधारात, असे होते. मधला मार्ग काय?

तिपाई :

मागे सरका. फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. पुढची रांग दोन मीटरवर आणि मागची चार मीटरवर असेल तर मागच्यांना पुढच्यांच्या चौथाई उजेड मिळतो, म्हणजे पूर्ण दोन स्टॉपचा फरक. आपण तीन मीटर मागे गेलात, तर रांगांमधले अंतर तेच असूनही पुढची पाच आणि मागची सात मीटरवर येते. पाचाचा वर्ग २५ आणि साताचा ४९, म्हणजे फरक जवळपास निम्म्याचा, एका स्टॉपचा. मात्र एफ/५.६ ला अंगभूत फ्लॅश आयएसओ १०० वर दोन मीटरच पोहोचत असल्याने आयएसओ ८०० करावे लागेल. तेव्हा तो सहा मीटरपर्यंत पुरतो, आणि शेवटच्या रांगेची उरलीसुरली भरपाई सावकाश शटरमधून खोलीचा उजेड करतो. ट्रायपॉड असेल तर सोन्याहून पिवळे.

अर्धवट :

वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याच्या काळातला एक मोठा फ्लॅश कपाटात सापडला आहे. तो डिजिटल कॅमेऱ्याच्या हॉट शूवर, म्हणजे फ्लॅश बसवण्याच्या वरच्या खाचेत, बसतो. लावून पाहू का?

कृष्णधवल :

कृपया थेट लावू नका. जुन्या काही फ्लॅशच्या टोकांवर २०० व्होल्टपेक्षाही जास्त दाब असतो. यांत्रिक कॅमेऱ्याला त्याचे सोयरसुतक नव्हते, पण डिजिटल कॅमेऱ्याचे सर्किट त्याने जळू शकते. फ्लॅश पूर्ण चार्ज करून मल्टिमीटरने तळाचा मधला बिंदू आणि कडेची धातूची पट्टी यांमधला दाब मोजा, आणि तो कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेतील मर्यादेत आहे का ते पाहा. फ्लॅश उघडून आत हात मात्र घालू नका. त्यातला कपॅसिटर बंद असतानाही जोरदार झटका देतो.

सांजसावली :

मंडळी, पुढची बातमी. मैत्रिणीकडून डोके फिरवता येणारा बाहेरचा फ्लॅश आठवडाभरासाठी मिळाला आहे. नारिंगी जेल लावले, व्हाइट बॅलन्स टंगस्टनवर नेला, शटर १/६०, आयएसओ ८००, आणि फ्लॅश समोर न रोखता छताकडे वळवला. नाकावरची चकाकी गेली आणि मागच्या भिंतीवरची ती धारदार सावलीही गेली! मग उत्साहाच्या भरात प्लॅस्टिकची पांढरी टोपी, म्हणजे डिफ्यूजर, लावून अंगणात संध्याकाळी छायाचित्रे काढली, तर तिथे पुन्हा जुनेच कठोर फ्लॅशचे रूप. टोपी लावूनही असे का व्हावे?

उघडझाप :

उजेडाचा मऊपणा उगमाच्या आकारावर, म्हणजे समोरच्या माणसाच्या मानाने तो किती मोठा दिसतो यावर, अवलंबून असतो. छतावर आपटल्यावर आपला उगम बोटभर काच न राहता छताचा भलामोठा तुकडा होतो, म्हणून सावल्या मऊ झाल्या. ती छोटी टोपी घरात चालते कारण ती उजेड चहूकडे फेकते आणि तो भिंती-छतावरून परततो. अंगणात परतायला काहीच नसते. तिथे टोपी केवळ उजेड वाया घालवते आणि बॅटरी संपवते. अंगणात फ्लॅश समोरून, उणे दीड किंवा दोनवर, आणि शटर सावकाश, एवढेच पुरे.

घरातही डोके सरळ वर न करता किंचित मागे किंवा बाजूला झुकवा, म्हणजे उजेड डोक्यावरून न पडता तिरका येईल आणि डोळ्यांखाली सावल्या साचणार नाहीत. उजेडाचा रस्ता लांबतो आणि छतही थोडा गिळते, म्हणून दोन-तीन स्टॉप जास्त ताकद लागते. सेल अल्कलाइनऐवजी रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड घ्या. दोन झोतांमधली वाट पाहणे पुष्कळ कमी होते.

काजवा :

कबुली देण्यासाठी आलो आहे. जेल आणि बाउन्स, म्हणजे छतावर आपटून उजेड परतवणे, करून पाहिले. फ्लॅश वापरला आहे हे घरात कोणालाच ओळखता आले नाही. तरीही एफ/१.८ ची लेन्स विकणार नाही.

सांजसावली :

आज शेजारच्या खोलीत छताऐवजी बाजूच्या भिंतीवरून बाउन्स केला. उजेड सुंदर पडला, पण सगळ्यांचे गाल हिरवट आले आहेत. जेल आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही कालचेच आहेत. यातले काय चुकले असावे?

तिपाई :

भिंतीचा रंग कोणता आहे?

सांजसावली :

पोपटी. आले लक्षात.